जिथं खणला, तिथंच जळला

मागच्या अंकात दगडी कोळशाबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य गेलं होतं : ‘तपकिरी कोळशाची, म्हणजे लिग्नाइटची, गोष्ट निराळी, ती पुन्हा कधीतरी.’ ‘पुन्हा कधीतरी’ला वाचक फसत नाहीत. पत्रं आली, फोटो आले, एका गृहस्थांनी तर पुडीत बांधून काळा चुरा धाडला. पुडी वाटेत फुटली आणि पोस्टमनने ती दोन बोटांत धरून माझ्या हातात दिली. मला मात्र आनंद झाला. एकतीस वर्षं मी वीज केंद्रांच्या प्रयोगशाळांत कोळशाच्या मुशी (चुरा तापवायच्या लहान वाट्या) तापवल्या, त्यांतली चार तमिळनाडूत नेयवेलीला. तिथं तपकिरी कोळशाशिवाय दुसरं काही नव्हतं.

आमच्या वाडीत विहीर खणताना जांभ्याखाली काळपट तपकिरी थर लागला. लाकडासारखे तंतू दिसतात. गडी म्हणतात कोळसा आहे. थोडा पाठवला आहे. विकता येईल का?
*— एक बागायतदार, रत्नागिरी*

काका, फुटलेली पुडी तुमचीच. लिग्नाइटच आहे. ओळखायची सोपी खूण सांगते. कपबशी उपडी केली की बुडाला न चकाकणारी खरबरीत कड दिसते, तिच्यावर तुकडा घासा. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा काळी रेघ ओढतो, तुमच्या तुकड्याने कॉफीच्या रंगाची ओढली. मग मी चिमूटभर चुरा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळला, पाणी कोऱ्या चहासारखं झालं. पक्क्या दगडी कोळशाने ते रंगत नाही. (हा दुसरा प्रयोग घरी करू नका. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात उडाला तर कोळसा राहील बाजूला.)

शेवटी सवयीने मूसही लावली. एक ग्रॅम चुरा, १०८ अंश, तासभर. पोस्टात आठवडाभर वाळत आलेल्या त्या चुऱ्यातूनही पाव ग्रॅम उडून गेलं. ते सगळं पाणी. ओल्या थरात याच्या दुप्पट असणार. लिग्नाइट म्हणजे अर्धवट शिजलेला कोळसा. झाड गाडलं गेलं, दाबलं गेलं, पण आच पुरेशी लागली नाही, म्हणून अंगात पाणी राहिलं.

कोकणात जांभ्याखालच्या चिकणमातीत असे पातळ थर मिळतात, हे भूगर्भशास्त्रज्ञांना शंभराहून जास्त वर्षं ठाऊक आहे. पण थर हातभर आणि तोही तुटक. विकायचं विसरा आणि विहिरीला पाणी लागलं का, ते कळवा. नेयवेलीची कथाही अशीच सुरू झाली होती. १९३०च्या दशकात जंबुलिंगम मुदलियार नावाच्या जमीनदारांच्या रानात पाण्यासाठी खोदताना काळे कण वर आले. त्यांनी ते सोडून दिलं नाही, सरकारच्या मागे लागले. १९५६ साली कंपनी निघाली, १९६२ साली वीज. फरक इतकाच, की तिथं थर जागोजागी वीस मीटर जाड आहे.

लिग्नाइट वापरात पहिला देश कोणता? एका पुस्तकात जर्मनी, दुसऱ्यात चीन, तिसऱ्यात इंडोनेशिया. आणि जर्मनी तर सौर-पवन ऊर्जेत पुढे ना? मग?
*— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नाशिक*

बाळा, तिन्ही पुस्तकं आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि परीक्षकाला ते ठाऊक नाही हीच तुझी अडचण. ‘तपकिरी’ कुठपर्यंत आणि ‘काळा’ कुठून, ही रेघ प्रत्येक जण वेगळी मारतो. इंडोनेशियाचा बराच कोळसा त्या रेघेवरच बसलेला आहे, रेघ वर सरकवली की तो तपकिरी होतो. चीनकडे अंतर्गत मंगोलियात लिग्नाइटचे डोंगर आहेत, पण देशाच्या एकूण कोळशात ते वेगळे मोजलेले क्वचितच दिसतात. जर्मनीच्या हिशेबात अशी सरमिसळ नसते. म्हणून बरीच दशकं पहिलं नाव जर्मनीचं लिहिलं गेलं, आणि मीही आज तिथलाच आलेख उलगडणार आहे. बाकीच्या देशांचं त्यावरून कळतं.

त्याआधी एक गोष्ट पक्की कर. मालगाडीची साठ टनांची वाघीण लिग्नाइटने भरलीस तर त्यात तीस टन पाणी असतं. वाहतुकीचं भाडं पाण्याला कोण देणार? शिवाय वाळत आला की तो भुगा होतो आणि स्वतःहून पेटतो. म्हणून लिग्नाइट सहसा बोटीत चढत नाही, परदेशी फारसा जात नाही. खाणीच्या तोंडाशी बॉयलर, मध्ये पट्टा. ज्या देशाने जेवढा खणला, जवळपास तेवढाच त्या देशाने जाळला. दगडी कोळशाचा वापर जगाच्या बाजारभावावर हलतो. लिग्नाइटचा हलतो तो त्या देशाच्या घरात काय घडलं त्यावर.

आता जर्मनी. १९८५ साली एकट्या पूर्व जर्मनीने ३१ कोटी टन लिग्नाइट काढला. लोकसंख्या सुमारे एक कोटी सहासष्ट लाख. म्हणजे माणशी जवळपास एकोणीस टन! सोव्हिएत तेल आखडतं झालं होतं, डॉलर नव्हते, पायाखाली लिग्नाइट होता. वीज त्याची, शहरातला गॅस त्याचा, रसायनं त्याची, आणि घरोघरच्या शेगडीत त्याच्या दाबून केलेल्या विटा. पश्चिम जर्मनीचे आणखी १२ कोटी धरले तर दोन्ही मिळून ४३ कोटी टन.

मग बर्लिनची भिंत पडली. जुने कारखाने एकामागून एक बंद झाले आणि घरांत नैसर्गिक वायू आला. पूर्वेकडच्या लाउसित्स भागात १९८९ साली १९ कोटी टनांवर निघणारा लिग्नाइट दहा वर्षांत ५ कोटींवर आला. पूर्व जर्मनीतले खाणकामगार लाखाच्या वर होते, ते दहा हजारांच्या आसपास उरले. खड्ड्यांत पाणी सोडून तलाव केलेत, लोक तिथं शिडाच्या होड्या चालवायला जातात. आलेखावर ही नुसती एक घसरण दिसते. हवामानाचं भान वगैरे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं, एक देश संपला म्हणून ती रेघ पडली.

त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं आकडा १६ ते १८ कोटींवर ठाण मांडून बसला. हीच ती वर्षं, जेव्हा जर्मनीच्या पवनचक्क्यांचे फोटो आपल्याकडच्या मासिकांत छापून येत होते. देशाची साधारण चौथा हिस्सा वीज लिग्नाइटचीच होती. कारण साधं. खाण स्वतःची, बॉयलर जुने आणि फिटलेले, इंधन जवळपास फुकट. लिग्नाइटच्या एका युनिटमागे किलोभर, जुन्या बॉयलरला त्याहून जास्त, कर्बवायू सुटतो. त्यावर युरोपात शुल्क होतं, पण टनाला पाच-सात युरो. एवढ्याने कोण बॉयलर विझवतो?

२०१९च्या सुमारास शुल्क पंचवीस युरोंवर गेलं, वायू स्वस्त होता आणि वाराही चांगला वाहिला. २०१८चे १६.६ कोटी टन एका वर्षात १३.१ झाले, २०२० मध्ये १०.७. कायदाही झाला : २०३८पर्यंत कोळसा बंद. मग २०२२ साली रशियाचा वायू थांबला आणि राखीव ठेवलेले लिग्नाइट बॉयलर पुन्हा पेटवले गेले. आकडा परत १३.१. त्याच वेळी शुल्क ऐंशी युरोंच्या घरात, म्हणजे दर युनिटला आपले सात रुपये नुसत्या धुराचे. तरी जाळला, कारण हिवाळा होता. संकट टळल्यावर २०२३ मध्ये १०.२ आणि २०२४ मध्ये ९.२. ऱ्हाइनकाठच्या खाणी आता २०३०लाच बंद करायचं ठरलंय, पूर्वेकडच्यांना २०३८पर्यंत मुदत आहे.

माझी भाची कोलोनला असते. २०१९ साली तिच्याकडे गेले असताना लोकांसारखं मोठं चर्च पाहिलं आणि मग तिला म्हटलं, मला गार्त्सवाइलरच्या लिग्नाइट खाणीवर ने. ती म्हणाली, ‘मावशी, तिथं फक्त खड्डा आहे.’ याकेराथ गावाजवळ खड्ड्याच्या कडेवर पुढे काढलेला एक लोखंडी सज्जा आहे. त्यावर उभं राहिलं की समोर पिवळ्या, तांबड्या, करड्या पायऱ्या उतरत जातात आणि तळाशी तपकिरी पट्टा. पट्ट्यावर चाकवालं खोदयंत्र. तिथल्या सगळ्यात प्रसिद्ध यंत्राचं चाक एकवीस मीटर व्यासाचं, वजन तेरा हजार टन, दिवसाला दोन लाख चाळीस हजार घनमीटर उकरायची ताकद. एवढ्या उंचीवरून ते एखाद्या टोळासारखं दिसतं आणि आवाज मात्र येत नाही. नेयवेलीत मी त्याची धाकटी भावंडं पाहिली होती, तीही जर्मनीहूनच आलेली. याच खाणीसाठी इमेराथ गावचं दोन मनोऱ्यांचं चर्च २०१८च्या जानेवारीत पाडलं. २०२३च्या जानेवारीत ल्युत्सेराथ वस्ती पोलिसांनी रिकामी केली, तेव्हा भाचीने फोनवर सांगितलं, ‘मावशी, तुझा खड्डा बातम्यांत आहे.’

तेव्हा परीक्षेत ‘जर्मनी’ लिही आणि मनात तळटीप ठेव. आणखी एक : टनांची तुलना फसवी असते. अमेरिकेत नॉर्थ डकोटाचा लिग्नाइट आणि ग्रीसचा लिग्नाइट यांच्या एका टनातली उष्णता दुपटी-तिपटीने वेगळी आहे.

हे युरोपवाले आपल्याला कोळसा सोडा म्हणून शिकवतात आणि स्वतः सगळ्यात घाण कोळसा जाळतात. हा दांभिकपणा नव्हे काय?
*— निवृत्त शिक्षक, पुणे*

गुरुजी, आधी तुमच्या बाजूचा हिशेब. भारतात वर्षाला चार-साडेचार कोटी टन लिग्नाइट निघतो, माणशी तीस किलो. जर्मनी आज इतका उतरूनही माणशी अकराशे किलो. आता दुसरी बाजू. आपला लिग्नाइट गेल्या दहा-पंधरा वर्षांत जागचा हललेला नाही, पण त्याच काळात आपला दगडी कोळसा ५३ कोटी टनांवरून १०० कोटींच्या पार गेला. आणि युरोपीय संघात १९९० साली ६७ कोटी टन लिग्नाइट जळत होता, तो २०२३ मध्ये साडेबावीस कोटींच्या आसपास आला. म्हणजे बोलतात ते अगदीच पोकळ नाही.

पण ‘युरोप’ असा एक गृहस्थ नाहीच. ग्रीस घ्या. वीस वर्षांपूर्वी सात कोटी टन आणि निम्म्याहून जास्त वीज, आज जेमतेम कोटीभर. २०१९ साली पंतप्रधानांनी २०२८ची मुदत जाहीर केली, आणि त्याच वेळी टोलेमाइदाला ६६० मेगावॉटचं कोरं करकरीत लिग्नाइट केंद्र बांधून होत आलं होतं! जावई ठरल्यावर मोडलेलं लग्न म्हणा. पोलंडात बेल्हातुफचं केंद्र पाच हजार मेगावॉटचं, युरोपातल्या कोळसा केंद्रांत सर्वांत मोठं. तिथंही उतार आहे, पण घोटाघोटाने. त्यांच्या तुरुफ खाणीने शेजारच्या चेक गावांचं भूजल ओढलं म्हणून प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं, खाण थांबवली नाही म्हणून २०२१ मध्ये दिवसाला पाच लाख युरो दंड लागला, आणि पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही सरकारांनी तडजोड केली.

संघाच्या बाहेर पाऊल टाकलं की चित्र पालटतं. कोसोवोची नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज प्रिश्टिनाजवळच्या दोन जुन्या लिग्नाइट केंद्रांतून येते. सर्बियाचा सुमारे दोन तृतीयांश भार त्यावरच. २०२१च्या डिसेंबरात त्यांच्या सगळ्यात मोठ्या केंद्रात कोळशाबरोबर चिखल आणि बर्फ आला, तो दळणाऱ्या चक्क्या तुंबल्या आणि देशाच्या काही भागांत अंधार झाला. ही बातमी वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आमच्याकडे पावसाळ्यात पट्ट्यावरून काळा शिरा यायचा, तेव्हा शिफ्टचे साहेब प्रयोगशाळेत येऊन मलाच विचारायचे, ‘मॅडम, यात कोळसा किती?’

तुर्कस्तान तर उतरायचं नावच काढत नाही. वायू आणि कोळसा बाहेरून घेताना परकीय चलन जातं, मग सरकार म्हणतं आपला लिग्नाइट वापरा. त्यांचा सगळ्यात मोठा साठा अफशिन-एल्बिस्तानचा, किलोला अकराशे-बाराशे किलोकॅलरी. आपली वाळलेली गोवरी त्याच्या दुप्पट उष्णता देते! तोच देश २०१४ साली सोमाच्या लिग्नाइट खाणीत ३०१ माणसं गमावून बसला.

दांभिकपणा म्हणाल, तर मला तो वेगळ्या ठिकाणी दिसतो. कोळसा जागचा हलत नाही म्हणून माणसांना हलवतात. चेकोस्लोव्हाकियात मोस्त नावाचं जुनं शहर होतं, खाली लिग्नाइट निघाला. घरं पाडली, पण सोळाव्या शतकातलं चर्च पाडायला मन होईना. १९७५ साली ते अख्खं रुळांवर चढवून ८४१ मीटर सरकवलं, मिनिटाला एक ते तीन सेंटिमीटर या चालीने. देवाला जी सोय मिळाली ती घरांना मिळाली नाही. आणि हे फक्त तिकडचं समजू नका. २०२३च्या जुलैत नेयवेलीजवळ खाणीच्या कालव्यासाठी उभ्या भातात यंत्रं घातली. पीक काढायला दोन महिनेही थांबवेना का, असा संताप उच्च न्यायालयातही व्यक्त झाला. मी जिथं भाजी आणायला जायची, त्या बाजूची ती गावं.

माझं वापीजवळ कापड प्रोसेसिंगचं युनिट आहे. बॉयलरला गुजरातचा लिग्नाइट वापरतो. पहिला पाऊस पडून गेला की ढिगातून धूर येतो. पाणी मारलं तर दुसऱ्या दिवशी जास्त. काय करावं?

पाणी मारणं बंद करा, हे पहिलं. वाळलेला लिग्नाइट ओला झाला की स्वतःच गरम होतो. वरून मारलेलं पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही, कडेने मात्र उष्णता वाढवतं. ढीग अडीच मीटरच्या वर नेऊ नका. प्रत्येक थर डोझरने दाबून घ्या, विशेषतः उतार, कारण मोठी ढेकळं गडगडून पायथ्याशी जमतात आणि तिथून हवा आत शिरते. रोज सकाळी ढिगात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी ओढा. हातात धरवली नाही, तर तेवढा भाग उकरून पसरा आणि थंड झाला की आधी तोच जाळा. आम्ही याला ‘कोळशाला ताप आला’ म्हणायचो.

तुमच्या लिग्नाइटमध्ये गंधकही जास्त असतं. चिमणीतून जाणारा धूर फार थंड होऊ दिलात तर आम्ल साचून पत्रा खाईल. बचतीच्या नादात ते करू नका.

भाव परवडतो म्हणून तुम्ही घेता, हे खरं आहे. पण एक चाचणी करून घ्या : टनाचा भाव न बघता हजार किलोकॅलरीचा भाव काढा. पाण्याचे पैसे वजा केल्यावर स्वस्ताई बरीच आकसते.

आम्ही मेलबर्नला असतो. इथं हेझलवूड केंद्र २०१७ला बंद झालं तरी अजून लट्रोब खोऱ्यातूनच वीज येते म्हणतात. खरं का?

खरं. हेझलवूड गेलं, यालोर्न २०२८ला आणि लॉय यांग ए २०३५ला जायचंय. तुमच्याकडचा लिग्नाइट साठ टक्क्यांहून जास्त पाण्याचा, मूस लावायला बसले तर मला फार वेळ लागेल. शंभर वर्षांपूर्वी तुमच्याकडचे इंजिनिअर जॉन मोनाश यांनी तो जाळायची विद्या जर्मनीकडूनच आणवली. हेझलवूडच्या खाणीला २०१४ला लागलेली आग पंचेचाळीस दिवस चालली होती, त्या धुराचं तुमच्या शेजाऱ्यांना विचारा. २०२२ साली या कोळशापासून काढलेला हायड्रोजन जपानी बोटीने कोबेला गेला. लिग्नाइटला बोटीत चढवायचा असाही एक प्रयत्न, पण वेषांतर करून.

मी सातवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी लिग्नाइटचा तुकडा हवा आहे. मिळेल का?
*— नागपूर*

मिळेल गं. नेयवेली सोडताना मी एक ढेकूळ आणलं होतं, स्वयंपाकघरातल्या तराजूवर ४१० ग्रॅम. चंद्रपूरच्या एका उन्हाळ्यात त्याला भेगा पडल्या आणि वजन अडीचशेवर आलं. आता बरणीत पोह्यांएवढे तुकडे उरलेत. त्यातलं मूठभर रत्नागिरीच्या काकांच्या नमुन्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळून, वरून दोन प्लास्टिकच्या पिशव्या घालून पाठवते. आल्यावर उन्हात ठेवू नकोस, गॅसजवळ तर अजिबात नको. एक ढेकूळ प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी तोलून पाटीवर वजन लिही आणि शेवटच्या दिवशी पुन्हा तोल. बाईंना सांग, पाकिटातून काळं काही सांडलं तर पोस्टमनला रागावू नका.